कुलरच्या आडचा लॅग: दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: संध्याकाळी गेम खेळताना लॅग येतो, म्हणजे खेळ अडखळतो. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, गावठाणात. फायबरचं कनेक्शन, ५० एमबीपीएसचा प्लॅन. खेळणारा मुलगा बारावीतला, खेळ मोबाईलवरचा, शंभर जण एका मैदानात उतरतात त्या प्रकारचा. मार्चपर्यंत कुरकुर नव्हती. एप्रिल लागला आणि रोज संध्याकाळी साडेसात ते दहा खेळणं अशक्य झालं.

घरच्यांनी आपल्या परीने बरंच करून पाहिलं होतं. प्लॅन ५० चा १०० केला. फोनमध्ये गेम बूस्टर नावाचं ॲप टाकलं. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलला. राउटरच्या अँटेनामागे स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल लावली. केबलवाला येऊन स्पीड टेस्ट दाखवून गेला: "भाऊ, ब्याण्णव येऊन राह्यले, अजून काय पाह्यजे?" वडिलांचं म्हणणं, "शंभरचा प्लॅन घेतला तरी पोट्टं बोंबलतेच."

दोघंही खरंच सांगत होते. स्पीड टेस्ट सेकंदाला किती माल येतो ते मोजते. अशा गेमला सेकंदाला शे-दोनशे किलोबिट मिळाले तरी भागतं, म्हणजे ५० च्या प्लॅनचा पाचशेवा-अडीचशेवा हिस्सा. गेमला हवं असतं ते वेळेवर येणं-जाणं. छोटं पाकीट सर्व्हरपर्यंत जाऊन किती मिलिसेकंदांत परत येतं, हा पिंग. दर वेळी तेवढ्याच वेळात येतं की कधी २५ आणि कधी २५०, हा जिटर. आणि किती पाकिटं वाटेत हरवतात, तो लॉस. बहुतेक गेम यूडीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. त्यात हरवलेलं पाकीट आपोआप पुन्हा मागवलं जात नाही. म्हणून समोरचा गडी एका जागी थिजतो आणि एकदम दहा पावलं पुढे दिसतो.

पिंगला एक तळही असतो, त्याच्या खाली कोणतीच सेटिंग नेत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे. तेवढ्या तारेतून जायला साडेतीन आणि यायला साडेतीन, असे ७ मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. तार सरळ जात नाही, मध्ये यंत्रंही पुष्कळ असतात. सर्व्हर मुंबईत असेल तर आपल्या भागातून २० ते ३५ हा उत्तम आकडा समजावा. मुंबईतल्या पोराच्या पडद्यावर ५ दिसतो म्हणून आपणही ५ च्या मागे लागण्यात अर्थ नाही.

घर कसं आहे

पुढचा भाग जुना: मातीत रचलेल्या विटांच्या दीड फुटी भिंती, वर टिन. मध्ये अंगण. मागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली, तिला लोखंडी दार आणि अंगणाकडे उघडणारी एकच मोठी खिडकी. मुलगा तिथे राहतो. खांबावरून आलेली फायबर पुढच्या छपरीत उतरते आणि तिथेच, टिनापासून हातभर खाली, कंपनीने दिलेला ओएनटी खिळ्याला टांगलेला. ओएनटी म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारा डबा. हल्ली त्याच डब्यात वाय-फाय राउटरही असतो. या डब्याचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. ओएनटीपासून मुलाची खोली सरळ रेषेत १४ मीटर. गोठा दुसऱ्या अंगाला, त्याहून लांब. तिथे दोन वाय-फाय कॅमेरे, बैलजोडी आणि मोटारपंपाच्या केबलवर नजर ठेवायला.

उन्हाळ्यात या घरात काय बदलतं, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर खिडकीतच उभं होतं: पत्र्याचा तीन फुटी कुलर. त्याच्याकडे नंतर येऊ.

एक शब्द, तीन दुखणी

लॅग म्हणणं हे डॉक्टरला 'अंग दुखते' म्हणण्यासारखं आहे. मुलाला दोन दिवस वहीत फक्त वेळ आणि काय झालं ते लिहायला सांगितलं. नोंदी वाचल्यावर तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

पहिली: पडद्यावरचा पिंग ३०० ते ४०० वर जातो आणि पाच-दहा मिनिटं तिथेच बसतो. साधारण आठच्या सुमाराला.

दुसरी: पिंग ३० च्या घरात, पण मिनिटात पाच-सात वेळा १५० ते २०० वर उसळी. ही कुलर चालू असो वा बंद, दिवसभर.

तिसरी: गेम पूर्ण थांबतो, 'पुन्हा जोडत आहे' असं येतं, दोन-तीन मिनिटांनी सुरू होतो. रात्रीतून एखाद-दोन वेळा.

तिन्हींची कारणं वेगळी निघाली. एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणूनच आधीचं सगळं करून काही हाती लागलं नव्हतं. एक दुरुस्त केलं तरी उरलेली दोन चालूच राहतात आणि घरच्यांना वाटतं, उपाय फुकट गेला.

मोजणी

मोजायला एक लॅपटॉप आणि दोन मीटरची लॅनची वायर पुरते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग ही आज्ञा द्यायची. पुढे पत्ता, मग उणे चिन्हाला चिकटून एन, आणि १०० हा आकडा. शंभर पाकिटं जाऊन येतात आणि शेवटी कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी आणि हरवलेल्यांची टक्केवारी मिळते. पत्ते दोन: आपला राउटर, बहुधा १९२.१६८.१.१, आणि बाहेरचा ८.८.८.८. हा बाहेरचा पत्ता गूगलच्या डीएनएसचा आहे, गेमच्या सर्व्हरचा नाही. पण घराबाहेरची वाट कशी आहे ते त्यावरून कळतं. गेमचे सर्व्हर पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे लागू नये.

राउटरपर्यंतचा पिंग बिघडला असेल तर दोष घरात. राउटरपर्यंत स्वच्छ आणि बाहेर बिघडलेला असेल, तर दोष राउटरच्या पलीकडच्या तोंडाशी किंवा त्याहून पुढे. सगळं निदान या एका फरकावर उभं आहे, आणि बूस्टर विकणारी ॲप्स नेमका हाच फरक झाकून ठेवतात.

सकाळी सात वाजता, वायर लावून: राउटर १ मिलिसेकंदाच्या आत, बाहेर सरासरी २४, लॉस शून्य. म्हणजे फायबर आणि कंपनीची वाट सकाळी ठणठणीत. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २१.४ डीबीएम. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्यातला आकडा जितका मोठा, तितका सिग्नल अशक्त. जीपीओएन, म्हणजे घरोघरी येणाऱ्या फायबरच्या या पद्धतीत, उणे २७-२८ ही शेवटची हद्द. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर चिंता नको. उणे २६ च्या खाली गेला तर आधी हिरव्या टोकाचा जोड काढून स्पिरिटच्या कोरड्या होत आलेल्या बोळ्याने पुसावा, आणि खिळ्याभोवती गुंडाळलेली किंवा दारात चेपलेली तार मोकळी करावी. टोकात डोळा घालून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो. या घरात ती वेळ आली नाही.

त्याच सकाळी, मुलाच्या खोलीतून वाय-फायवर: राउटरपर्यंतच सरासरी १९, जास्तीत जास्त २१४, लॉस ४ टक्के. दुसरं दुखणं सापडलं.

रात्री आठ वाजता, पुन्हा वायर लावून: राउटर १, बाहेर ३८०. पहिलं सापडलं.

तिसऱ्यासाठी पिंगचीही गरज पडली नाही. ओएनटीच्या स्थितीच्या पानावर तो किती वेळ चालू आहे ते लिहिलेलं असतं. त्या रात्री तिथे ५२ मिनिटं होती. डब्याला कोणी हात लावला नव्हता, लाइनही गेली नव्हती. डबा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता.

रात्री आठचे ३८०

आठ वाजता घरात काय होतं? वावरातून माणसं परत येतात. चार फोन वाय-फायला जोडले जातात आणि दिवसभरातले फोटो, व्हिडिओ बॅकअपला लागतात. त्यात लग्नसराई, म्हणजे एकेक व्हिडिओ दोनशे-तीनशे एमबीचा. गोठ्यातले दोन कॅमेरे तर चोवीस तास चित्रण वर पाठवत असतात, प्रत्येकी २ एमबीपीएसने.

स्पीड टेस्टच्या दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. खाली येण्याचा वेग ४६ वरून ९२ झाला होता. वर जाण्याचा आधी ९.८ होता, प्लॅन वाढवल्यावर १०.१. महिन्याला जास्तीचे पैसे ज्या दिशेला गेले, तिथे अडचणच नव्हती.

आता ३८० कसे येतात ते पाहा. वर जाणारी वाट १० एमबीपीएसची आणि तिच्या तोंडाशी ओएनटीमध्ये एक रांग. बॅकअप करणारा फोन वाट भरेपर्यंत माल ढकलत राहतो. ती भरली की माल रांगेत साठतो. रांगेत ५०० किलोबाइट मावत असतील तर ते झाले ४,००० किलोबिट. १० एमबीपीएसने ते बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद. गेमचं शंभर बाइटचं पाकीटसुद्धा या रांगेत शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. २०१०-११ मध्ये जिम गेटिस यांनी या दुखण्याला हे नाव दिलं. वाट रुंद असून रांग आंधळी असेल तरी ते होतंच, फक्त जरा उशिरा.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. वायरवर बाहेरचा पिंग सतत चालू ठेवायचा आणि घरातला एकेक फोन, एकेक कॅमेरा वाय-फायवरून उतरवायचा. इथे चारही फोन उतरल्यावर ३८० चे ४१ झाले, कॅमेरे उतरल्यावर २७. पुन्हा एकच फोन जोडून बॅकअप सुरू केला, दहा सेकंदांत ३५० च्या वर.

बिनखर्चाचा इलाज त्याच रात्री केला. कॅमेऱ्यांचं चित्रण त्यांच्यातल्या मेमरी कार्डावर वळवलं, वर पाठवणं फक्त हालचाल दिसली तरच, आणि बिटरेट २ एमबीपीएसवरून ५१२ केबीपीएसवर. गोठ्यासाठी तेवढं चित्र पुरतं. रात्री आलेला माणूस आहे की रानडुक्कर ते कळतं. फोनमधला आपोआप बॅकअप बंद केला, सकाळी चहाच्या वेळी हाताने चालू करायचा.

हा इलाज घरच्यांच्या शिस्तीवर टिकतो, आणि पाहुणे आले की मोडतो. पक्का इलाज म्हणजे रांग शहाणी करणं. त्याचं नाव एसक्यूएम. पुढच्या छपरीत ओएनटीच्या मागे ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारी आतली प्रणाली, चालणारा एक साधा, दोन बँडचा राउटर लावला. घेण्याआधी त्याचं मॉडेल आणि मागच्या स्टिकरवरचा व्हर्जनचा आकडा ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पाहून घ्यावा. एकाच नावाच्या राउटरचं व्हर्जन बदललं की आतली चिप बदलते आणि फर्मवेअर बसत नाही. केबलवाल्याला सांगून ओएनटी ब्रिज मोडवर घेतला, म्हणजे राउटरचं काम त्याच्याकडून काढून नव्या राउटरकडे दिलं, आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं, नाव-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरलं. कंपनी व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरचा माल वेगळा ओळखायचा, आकडा वापरत असेल तर तोही मागून घ्यावा, नाहीतर लाइट हिरवे आणि नेट बंद अशी गत होते. केबलवाला ब्रिज करून देत नसेल तर दोन राउटर एकामागे एक ठेवूनही एसक्यूएम चालतं. तेव्हा नव्या राउटरच्या आतला पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करावा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही.

एसक्यूएममध्ये भरलेले आकडे: पद्धत केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, वर जाण्याची मर्यादा ८,८०० केबीपीएस, लिंक लेयर इथरनेट आणि ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पाकिटामागचे जादा बाइट, ४४. मर्यादा मोजलेल्या वेगापेक्षा १० ते १५ टक्के कमी का, तर रांग ओएनटीत साठण्याऐवजी आपल्या राउटरमध्ये साठली पाहिजे. तिथेच ती पाकीट पाहून वाटली जाते. मर्यादा १० किंवा ११ हजार ठेवली की एसक्यूएम चालू असून नसल्यासारखं. वेग संध्याकाळी मोजावा, सकाळी नाही. खाली येण्याच्या रकान्यात शून्य भरलं, म्हणजे त्या दिशेला मर्यादा नाही. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला शंभर एमबीपीएसची वाटणी जड जाते, आणि त्या दिशेला इथे तक्रारही नव्हती. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग बंदच असावं. ते चालू असेल तर पाकिटं या रांगेला वळसा घालून जातात.

यानंतर मुद्दाम चारही फोनांचा बॅकअप एकदम लावून मोजलं: बाहेरचा पिंग ३१ ते ३८.

खिडकीतला पत्रा

आता कुलर. छपरीतून निघालेल्या लहरी अंगण ओलांडून खिडकीतूनच मुलाच्या खोलीत येत होत्या. बाकी बाजूंनी विटांची भिंत, लोखंडी दार, वर लोखंड घातलेला स्लॅब. एप्रिलमध्ये खिडकीत कुलर बसला: जस्ताचा पत्रा तीन बाजूंनी, आत पाण्याने निथळणाऱ्या वाळ्याच्या ताट्या, खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. फोनमधल्या वाय-फाय ॲनालायझरवर पलंगाशी उणे ७४ डीबीएम दिसत होतं. कुलर चाकांवर होता, तो बाजूला ओढला आणि त्याच जागी उणे ६२. मोटर चालू-बंद करून काही फरक पडला नाही; अडचण कुलरच्या धडाची होती. उणे ६५-६७ पर्यंत गेम नीट चालतो. उणे ७० च्या पुढे पाकिटं पुन्हापुन्हा पाठवावी लागतात, फोन आणि राउटर दोघंही वेग उतरवतात, आणि त्या पुन्हापुन्हा पाठवण्यातूनच पिंग उसळतो.

कुलर हलवा, हा सल्ला ४५ अंशांत कोणी ऐकत नाही आणि देऊही नये.

या दुसऱ्या दुखण्यात आणखी दोन हात होते. गोठ्यातले कॅमेरे उणे ८० वर कसेबसे जोडलेले. वाय-फायमध्ये एका वेळी एकच बोलतो. दूरचा, अशक्त जोडणीचा कॅमेरा तोच मजकूर दहापट वेळ घेऊन सांगतो, आणि तोवर जवळचा वेगवान फोनही गप्प बसतो. आजूबाजूला दुसऱ्या कोणाचं वाय-फाय नसलं तरी आपलेच कॅमेरे हवा अडवू शकतात. गावात चॅनल मोकळे असतात म्हणून निर्धास्त राहू नये.

आणि कानातले ब्लूटूथ इअरबड्स. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, आणि बऱ्याच फोनांत दोघांना एकच अँटेना आळीपाळीने वापरावी लागते. इअरबड्स काढून मोजलं तर सर्वांत मोठी उसळी २१४ वरून १३० वर आली. तसंही ब्लूटूथवर गोळीचा आवाज बऱ्याचदा उशिरा ऐकू येतो, आणि पोरं त्यालाही लॅगच म्हणतात. ते नेटचं काम नाही. वायरचा इअरफोन स्वस्त आणि नेमका.

इलाज: छपरीतून मागच्या खोलीत लॅनची वायर नेऊन तिथे ५ गिगाहर्ट्झचा वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वाय-फायने देणारा डबा. रिपीटर नाही. साधा रिपीटर त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो. वेग निम्म्यावर येतो, पिंग वाढतो, आणि फोनमध्ये मात्र सिग्नलच्या पूर्ण काड्या दिसतात.

वायर २२ मीटर लागली, कॅट ६. लॅनच्या वायरची हद्द १०० मीटर, म्हणून लांबीची चिंता नव्हती. घेताना सीसीए लिहिलेली वायर टाळावी: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ती वाकवली की तुटते आणि क्लिपमधला जोड पुढे सैल पडतो. चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं. पूर्ण तांब्याचीच मागावी. दोन्ही टोकांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. राउटर जोडणी १,००० ऐवजी १०० दाखवत असेल तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसलेली नाही असं समजावं. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या दोनच जोड्या लागतात, म्हणून काम चालत राहतं आणि चूक लपते. घरात धान्य आहे म्हणजे उंदीर आहेत, तेव्हा वायर पाऊण इंची पीव्हीसी पाइपातून नेली. अंगण ओलांडताना ती वरून झोक्यासारखी टांगण्यापेक्षा भिंतीच्या कडेने, जमिनीलगत घेतली. मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की या वायरची दोन्ही टोकं आणि अडॅप्टर काढून ठेवणं हाच भरवशाचा बचाव. लांब तांब्याची वायर वीज थेट न पडताही पोर्ट जाळू शकते. खांबावरून येणारी फायबर काचेची असते, पण तिला तोलणारी पोलादी तार वीज वाहते. ती डब्यापर्यंत न आणता भिंतीवरच्या हुकाशीच तोडलेली असावी.

मागच्या डब्याच्या सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी, म्हणजे फोनांना पत्ते वाटण्याचं काम, बंद, आणि वायर लॅनच्या पोर्टमध्ये. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, पोर्टमध्ये घातली की दुसरं घर, म्हणजे वेगळं नेटवर्क, तयार होतं आणि फोन, टीव्ही एकमेकांना सापडत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ हे चॅनल टाळले. तिथे राउटरला रडारचा संशय आला तर तो चॅनल सोडून पळतो आणि गेम मध्येच तुटतो. नाव पुढच्या वाय-फायपेक्षा वेगळं ठेवलं, कारण एकच नाव असेल तर फोन अशक्त झालेल्या जुन्या जोडणीलाच धरून बसतो. पुढच्या राउटरचं २.४ चॅनल ६ वर, रुंदी २०. त्यावर कॅमेरे आणि बाकी घर.

फोनमध्ये एक गोष्ट राहिली होती. लोकेशनच्या सेटिंगमधलं वाय-फाय स्कॅनिंग. ते चालू असलं की फोन अधूनमधून गेम सोडून बाकीचे चॅनल धुंडाळून येतो. बंद केलं.

नंतरचे आकडे, कुलर जागेवर आणि चालू असताना: राउटरपर्यंत सरासरी ३, जास्तीत जास्त ११, लॉस शून्य.

ज्याला इतकं करायचं नाही त्याने टाइप-सी ते लॅनचं अडॅप्टर घेऊन वायर सरळ फोनलाच लावावी. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांवर चालतं. चार्जिंगचं छिद्र मात्र अडतं, म्हणून चार्जिंगचंही तोंड असलेलं अडॅप्टर पाहावं.

आपोआप बंद होणारा डबा

रात्री घरातलं व्होल्टेज मल्टिमीटरवर १७० च्या आसपास. गावात कुलर, पंखे, पाण्याच्या मोटारी एकदम लागतात. शेतीपंपांची लाइन वेगळ्या फीडरवर असली तरी गावठाणाची रोहित्रंही उन्हाळ्यात दमतात. पण चांगल्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १७० त्याला कमी नाहीत. म्हणून नुसत्या व्होल्टेजला दोष देऊन थांबणं चुकीचं ठरलं असतं. अडॅप्टर रिकामा मोजला तर १२.२ व्होल्ट. डीसी पिनचा स्प्लिटर लावून ओएनटी जोडलेला असताना मोजला तर १०.४, आणि घरात पाण्याची मोटार सुरू झाली की क्षणभर त्याहून खाली. आतला कपॅसिटर उष्णतेने सुकला होता. रिकामा अडॅप्टर मोजून 'बरोबर आहे' म्हणणारे पुष्कळ मिस्त्री भेटतात.

नवा अडॅप्टर १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा. व्होल्ट तेवढेच असावेत; ॲम्पिअर जास्त चालतात, कमी नाही. पिन ५.५ बाय २.१ की ५.५ बाय २.५ मिलिमीटर ते जुळवून घ्यावं. दिसायला दोन्ही सारख्याच, पण एक सैल बसते आणि हात लागला की डबा बंद. सोबत मिनी यूपीएस, १०,००० एमएएचचा. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साठा ३७ वॅट-तासांचा. ओएनटी आणि पुढचा राउटर मिळून १३ वॅट धरले आणि १५ टक्के घट सोडली तर सव्वादोन तासांच्या वर. दुकानात 'आठ तास' सांगतात ते एकाच छोट्या डब्याचे. लाइन गेल्यावर केबलवाल्याच्या गावातल्या पेटीलाही बॅकअप असला पाहिजे, हे आधी विचारून घ्यावं. त्याची पेटी बंद पडत असेल तर आपला यूपीएस निरुपयोगी. इथे पेटीला बॅटरी होती.

डबा टिनाखालून काढून मातीच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर आणला. अशा डब्यांवर बहुधा ४० अंशांपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते. मे महिन्यात टिनालगतची हवा त्याच्या बरीच वर जाते. जुन्या भिंतीचा गारवा इथे फुकटात कामी आला.

घरात न सुटलेला भाग

तिन्ही दुखणी मिटल्यावर दिवसभर बाहेरचा पिंग २४ ते ३० राहिला. रात्री नऊ ते साडेदहा मात्र घरात कोणी काही करत नसतानाही तो ६५ ते ७० होतो. ट्रेसरूटची आज्ञा, म्हणजे विंडोजमधली ट्रेसर्ट, वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवते. सकाळी पहिला टप्पा १, दुसरा ४. रात्री पहिला १, दुसरा ४५, आणि पुढचे सगळे टप्पे तेवढ्यानेच चढलेले. दुसरा टप्पा केबलवाल्याचा, म्हणजे दाटी त्याच्या तालुक्याकडे जाणाऱ्या लिंकवर. ट्रेसरूट वाचताना एक गफलत नेहमी होते: मधलाच एखादा टप्पा १२० दाखवतो आणि पुढचे २५, तर तो दोष नव्हे, ते यंत्र आपल्यासारख्यांना उत्तर द्यायला आळस करतं, माल मात्र वेळेवर पुढे ढकलतं. चढ शेवटपर्यंत टिकला तरच त्याला अर्थ.

केबलवाल्याला 'लॅग येते' असं सांगितलं की तो पुन्हा स्पीड टेस्ट दाखवतो. त्याला पाठवलेला मजकूर असा होता: तारीख, वेळ, वायरवर घेतलेली सकाळची आणि रात्रीची ट्रेसर्ट शेजारी-शेजारी, तीन रात्रींची, त्या वेळी घरातला वर-खाली जाणारा माल शून्य होता हे दाखवणारं राउटरचं चित्र, आणि प्रश्न एकच, दुसऱ्या टप्प्यावर रात्री ४० मिलिसेकंद कशाचे वाढतात. उत्तर आलं, "तालुक्यातून लिंक वाढवून राह्यलो, पंधरा दिवस लागन." जास्तीचा १०० चा प्लॅन पुढच्या महिन्यापासून पुन्हा ५० वर आणला. वर जाण्याचा वेग दोन्हींत सारखाच असल्याने एसक्यूएमचा आकडा ८,८०० च राहिला. ६५ वर खेळता येतं, फक्त रँकचे सामने मुलगा नऊच्या आत उरकतो. लिंक वाढली की तीच ट्रेसर्ट त्याच वेळी पुन्हा घ्यायची आणि दुसरा टप्पा ४५ वरून १० च्या आत आला का, एवढंच पाहायचं.